हवालदाराचा डावा कान

शेतवस्ती, ता. गंगापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. तनुजा हिस,
रामकिसनचा आशीर्वाद.

पाच वर्षांनी पत्र लिहितोय. सासऱ्याला आज कशी आठवण झाली असं तुझ्या मनात आलं तर तुझी चूक नाय. काम पडलं म्हून आठवण झाली. सरळ सांगितलेलं बरं.

पत्र देणारा कडुबा, माझ्या चुलतभावाचा पोरगा. तुझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी यानंच हाणली होती. आता गंगापूर-वाळूज जीप चालवतो. मागच्या शिटावर गोणपाटात गुंडाळलेला हाय तो माझा हवालदार. नऊ वर्षांचा कुत्रा. उसाला चकरा मारत राहतो म्हून हे नाव पडलं. माझा सुदर्शन गेल्यापासून मळ्यात मी एकटा, सोबतीला हा तेवढा.

गेल्या गुरुवारी सकाळी उठला तो मान डावीकडं वाकडी करूनच. दोन पावलं टाकली की डाव्या अंगावर धपकन पडतो. पडला की लोळतच जातो, त्याचं त्याला थांबता येत नाय. बुबुळं इकडून तिकडं सारखी पळू राह्यली. खाल्लेलं सगळं ओकतो. गावात बोंब झाली की रामकिसनचं कुत्रं पिसाळलं. तिघं जण काठ्या घेऊन वस्तीवर आले. मी दारात खाट टाकून बसलो, म्हणलं आधी मला हाणा. पिसाळलेलं कुत्रं पाणी पितं का? मी त्याला वाटीनं पाजू राह्यलो अन् हे शहाणे मला शिकवू राह्यले. गुरांच्या डॉक्टरनं बगितलं. तो म्हणला, पिसाळलेलं नाय, कानाचं नायतर मेंदूचं काहीतरी हाय, औरंगाबादला दाखवा.

औरंगाबादला माझं तुझ्याशिवाय कोण हाय?

आठ-पंधरा दिवस ठेव. बरा झाला तर कडुबा आणील. नाय झाला तर कळव, मी येऊन घेऊन जाईन. त्याला परक्या जागी माती द्यायची नाय.

बरोबर एक बाटली दिलीय. महिन्यापासून त्याचा डावा कान वाहत होता, घाण वास यायचा. मी करडईच्या तेलात लसूण कडकवून रोज संध्याकाळी कोमट कोमट कानात सोडतो. वरून बैलाच्या जखमेला लावायचं जांभळं औषध चार थेंब. त्यानं वास कमी झाला. तेवढं चालू ठेव. डॉक्टरच्या गोळ्या काय असतील त्या असू दे, तेल चुकवू नको.

तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी उभं राहून माझे कान गेलेत, हे तुला मालूम हाय. फोनवर मला काही समजत नाय. कडुबाला मधी घालावं तर तो इतक्या जोरात वरडतो की सगळी वस्ती ऐकते. म्हून चिठ्ठी. उत्तर त्याच्याच जीपमधी दे.

रामकिसन


बजाजनगर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
तनुजाचा नमस्कार.

कडुबा भाऊजी दारात उभे राहिले तेव्हा मी सेकंड शिफ्टला निघाले होते. तुमचं पत्र वाचलं आणि दार लावून घ्यावं असं वाटलं. खोटं कशाला सांगू? सुदर्शनच्या तेराव्याला भर मांडवात, भावकी पानावर बसलेली असताना तुम्ही मला जे बोललात ते शब्दान् शब्द पाठ आहे. त्यानंतर तुमच्याकडून चकार शब्द नाही, आणि आता कुत्रा! पण तेवढ्यात तो पायरीवर ओकला आणि मान वर करायला गेला तर भिंतीवर आपटला. मग काय करता. कंपनीत फोन करून सुट्टी टाकली.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं शहरात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात हलका. कानात बॅटरी घालून बराच वेळ बघितलं. पिसाळलेला अजिबात नाही म्हणाल्या, गावातल्या लोकांना तसं खडसावून सांगा. कानाच्या आत खोल तोल सांभाळायची जागा असते, ती बिघडलीय. त्याला सारखं वाटतं की जमीनच फिरतेय, म्हणून तो पडतो आणि म्हणूनच ओकतो. आपल्याला आकाशपाळण्यातून उतरल्यावर होतं तसं, फक्त ह्याचा पाळणा थांबत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं असं, म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस कठीण. मग हळूहळू मेंदू शिकतो.

गोळ्या दिल्यात, एक ओकारीची, एक कानासाठी पोटातून घ्यायची. कानात सध्या काहीही सोडायचं नाही असं बजावलंय. तेव्हा तेल ठेवून दिलंय.

खोलीतली फरशी गुळगुळीत आहे, त्यावर त्याचा पाय ठरत नाही. म्हणून घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या अंथरल्या. कोपऱ्यात उश्या लावल्या. दिवा बंद केला की घाबरून केकाटतो, दिसलं नाही की त्याला वर-खाली कळत नाही, म्हणून दिवा चालूच ठेवते. हातानं भरवलं तर खातो. आज पहिल्यांदा दहीभात पोटात राहिला.

मी शिफ्टला गेले की खालच्या मेघाताई बघतात. घरी शिलाईचं काम करतात त्या, मशीन उचलून माझ्या खोलीत आणलंय. त्यांनी विचारलं, कोणाचा कुत्रा? मी म्हटलं, सासऱ्यांचा. त्या म्हणाल्या, तुला सासरे आहेत?

तनुजा


शेतवस्ती, गंगापूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. तनुजा हिस, आशीर्वाद.

दहीभात राहिला हे वाचून जिवात जीव आला. मी पत्र कडुबाला परत वाचायला लावलं, मपलं वाचणं चुकलं का म्हून. चुकलं नव्हतं.

त्या मेघाबाईला माझा रामराम सांग.

आता मी सांगतो ते ध्यान देऊन कर. पडलेलं जनावर एका कुशीवर राहू द्यायचं नाय. कूस सडते. दर दोन घंट्याला पालट. डावी-उजवी, डावी-उजवी. आमचा ढवळ्या बैल बसला होता तव्हा मी अन् सुदर्शननं एकवीस दिवस पालटला. दुसरं, त्याला उभं करताना पुढच्या पायाला धरून वढू नको. पोटाखालून पोतं घालायचं, दोन्ही टोकं वर धरायची अन् त्याचं वजन आपल्या हातावर घ्यायचं. पाय नुसते जमिनीला टेकू दे. त्याला वाटलं पाह्यजे का मीच उभा हाय. बैलाला चार माणसं लागतात, कुत्र्याला तू एकटी बस. तुझी एखादी जुनी ओढणी चालंल. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. शिव्या द्यायच्या नाय, घाई करायची नाय.

अन् तेल. डॉक्टरीण काल शिकून आलेली. गोळी पोटात जाती, कानात कशी पोचणार? कान वाहतो तर कानातच औषध पाह्यजे, एवढं तर लहान लेकराला कळतं. माझ्या बापानं केलं, मी केलं, कितीक जनावरं बरी झाली. तिला इचारू नको, गुपचूप सोड. दुसरी बाटली पाठवलीय, पहिली संपली असंल.

ज्वारीचं पीठ पाठवलंय. नवी नाय, मागल्या सालची हाय पण चांगली हाय.

रामकिसन


बजाजनगर
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना, नमस्कार.

ओढणीची युक्ती लागू पडली! डॉक्टरीणबाईंना दाखवली तर म्हणाल्या, कुठं शिकलात? मी म्हटलं, माझे सासरे बैल उभे करतात. त्या हसल्या. असाच अजून एक कुत्रा येतो त्यांच्याकडं, त्याच्या मालकिणीला पण त्यांनी हेच शिकवलं.

आता सकाळी शिफ्टच्या आधी दोनदा, आल्यावर दोनदा असं त्याला गच्चीवर चालवते. जिना मात्र उचलून. बावीस किलोचा आहे तुमचा हवालदार, कंबर बोलते माझी. पहिले पाच-सहा दिवस सगळा भार माझ्या हातावर होता. परवा ओढणी एकदम सैल झाली. मला वाटलं पडला. तर साहेब भिंतीला टेकून उभे. एकटा! किती वेळ म्हणाल, दहा अंक मोजेपर्यंत. मग डावीकडं कलला आणि बसला. मेघाताई मशीन सोडून आल्या, आम्ही दोघी वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतो.

बुबुळं थांबलीत. मान अजून वाकडीच आहे. गोल गोल फिरतो, नेहमी डावीकडूनच. पाण्याचं भांडं जड लागतं नाहीतर तोंड आपटून सांडतो, म्हणून खलबत्त्याच्या खलात पाणी देते. सोसायटीचा वॉचमन दिसला की वाकड्या मानेनं गुरगुरतो. ड्युटी सोडलेली नाही.

पीठ मिळालं. भाकरी खूप दिवसांनी गोड लागली.

कुशी पालटते, दोन तासांनी. मी नसेन तेव्हा मेघाताई.

तनुजा


शेतवस्ती, गंगापूर
५ डिसेंबर २०२४

तनुजा,

कडुबा परवा तुझ्याकडं येऊन गेला. त्यानं सांगितलं का तुझ्या फडताळात दोन्ही बाटल्या तशाच बूच लावून ठेवल्यात. एक थेंब वापरला नाय. मी दोन येळा लिहिलं. तू पत्रात गच्ची लिहितीस, टाळ्या लिहितीस, वॉचमन लिहितीस, पण तेलाचं एक अक्षर नाय. म्हातारा खेडवळ हाय, त्याला काय कळतं, असंच ना?

महिना होत आला अन् कुत्रा भिंतीला टेकून दहा अंक उभा राहतो ह्याच्यावर तू खूश. माझ्या हाताखाली असता तर उसाला चक्कर मारून आला असता.

तुला कव्हा काय करायचं ही अक्कल तव्हाही नव्हती. माझा पोरगा थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आला, छातीत कळ आली म्हणला, अन् तू त्याला लिंबू-सोडा करून पाजत बसलीस. पित्त हाय म्हणलीस. तीन घंटे! तव्हा दवाखान्यात न्यायचं होतं तर तू घरचं औषध केलंस. आता घरचं औषध करायचं तर दवाखाना करू राह्यलीस. मांडवात बोललो ते मी खोटं बोललो नव्हतो. लिंबू पाजून मारलं माझ्या पोराला. आता कुत्रा बाकी हाय.

रविवारी कडुबा येतोय. हवालदाराला त्याच्याबरोबर पाठवून दे. मी मपल्या हातानं तेल सोडीन अन् मपल्या हातानं त्याला उभा करीन. तुझे उपकार झाले.

रामकिसन


बजाजनगर
८ डिसेंबर २०२४

ती. मामांना, नमस्कार.

कडुबा भाऊजींना रिकामं पाठवतेय. हवालदार येणार नाही.

हे मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हते. पण तुम्ही त्याला घेऊन जाणार, तेल सोडणार म्हणता, आता गप्प बसले तर तो मरेल. म्हणून लिहिते. बसून वाचा.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कान बघितला आणि पहिलं विचारलं ते, ह्याच्या कानात काय घातलं? मी तुमची बाटली दाखवली. त्यांनी हुंगली, कापसावर थेंब घेऊन बघितला. म्हणाल्या, कान महिनाभर वाहत होता म्हणजे आतला पडदा आधीच फुटलाय. पडदा शाबूत असता तर तेल बाहेर राहिलं असतं. फुटलेल्या पडद्यातून तेल आणि ते जांभळं औषध थेट आत गेलं, तोल सांभाळायच्या जागेवर. ते औषध कातडीसाठी ठीक, कानाच्या आत जहर. अजून पंधरा दिवस सोडलं असतं तर दुखणं मेंदूपर्यंत गेलं असतं.

वयामुळं होतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं.

आता दुसरं खरं पण सांगते, म्हणजे मी फार गुणाची असं तुम्हाला वाटायला नको. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, मामा. रिक्षात हवालदार माझ्या मांडीवर ओकत होता आणि मी मनात वाक्य जुळवत होते. लसूण-तेल घालून मारलंत तुमच्या कुत्र्याला. किती छान बसत होतं! पाच वर्षं जे वाक्य माझ्या छातीवर ठेवलंत, ते उचलून तुमच्या छातीवर ठेवायचं. भावकीला कळवायचं. कडुबा भाऊजींना सांगितलं असतं तरी संध्याकाळपर्यंत गंगापूरभर झालं असतं.

घरी आल्यावर बाटली फेकायला म्हणून हातात घेतली. तिच्याबरोबर तुम्ही एक पुडी दिली होती. तुम्ही पत्रात तिचं काही लिहिलं नव्हतं. उघडली तर आत कापसाचे बोळे, सगळे एका मापाचे, वळून दोऱ्यानं बांधलेले. तेल गाळून घेतलं होतं, लसणाचा कण कानात जाऊन टोचू नये म्हणून. तुम्हाला दिसत नाही नीट, हात थरथरतात, कडुबा भाऊजी सांगतात. तरी तेवढं केलंत. मी पुडी हातात घेऊन खाली बसले.

त्या सकाळी मी लिंबू पिळलं ना, तेव्हा चमच्यानं एकेक बी काढली होती. त्याला बी दाताखाली आलेली आवडायची नाही. त्याच्या छातीत कळ येत होती आणि मी बिया काढत होते. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मांडवात बोललात तेव्हा मला राग आला नाही, हे तरी तुम्हाला माहीत आहे का? मला वाटलं, बरोबर आहे ह्यांचं.

म्हणून तेलानं काय झालं ते लिहिलं नाही. तुम्हाला वाचवायला नाही. मला ते वाक्य कोणाच्याच छातीवर बघवत नाही.

पण तुम्ही ते परत लिहिलंत. परत लिहिलंत, मामा.

हवालदार इथंच राहील. आज त्यानं ओढणीशिवाय चार पावलं टाकली.

तनुजा


बजाजनगर
२९ डिसेंबर २०२४

ती. मामांना, नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमची चिठ्ठी नाही. कडुबा भाऊजींना विचारलं तर आधी ते इकडंतिकडं बघत राहिले. मग म्हणाले, काका धड जेवत नाहीत. घरातलं सगळं औषध, बैलाचं सुद्धा, उकिरड्यावर ओतलं. हवालदार जिथं झोपायचा तिथं खाट टाकून बसतात. कोणी बोललं तर ऐकू येत नाही असं दाखवतात. म्हणजे खरंच येत नाही की तुम्ही ऐकत नाही, हे त्यांना कळत नाही म्हणे. मला कळतं.

मी रागानं लिहिलं मागचं पत्र. शब्द मागं घेणार नाही, खरे होते. पण ते वाचून माणूस काय करत बसतो हे मला माहीत असूनही लिहिलं, त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही दिवस मोजत असाल. कान वाहायला लागला तो दिवस. पहिल्यांदा तेल सोडलं तो. त्या दिवशी बाजाराला गेला असतात तर डॉक्टर भेटला असता. मीही असंच मोजते. सात वाजता आला. सव्वासातला लिंबू. साडेसातला रिक्षा बोलावली असती तर? आठला? कुठलीतरी वेळ सापडेल असं वाटतं, जिथं बोट ठेवून म्हणता येईल, इथं चुकलं. आणि ती सापडली तरी काही होत नाही.

डॉक्टरीणबाईंना मी परत विचारलं. तेल घातलं नसतं तर हवालदार असाच पडला असता का? त्या म्हणाल्या, कान आतून सडतच होता, कदाचित पडला असता, कदाचित नाही. सुदर्शनच्या वेळी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं. लवकर आणलं असतं तर कदाचित. ह्या कदाचितबरोबर मी पाच वर्षं राहतेय. राहता येतं, मामा. त्रास होतो, पण राहता येतं. जेवावं मात्र लागतं. उपाशी पोटी ते फार मोठं होतं.

मला त्या वेळी एवढं सांगणारं कोणी पाहिजे होतं. म्हणून मी तुम्हाला सांगते. तुम्ही त्याला मारायला तेल घातलं नाही.

आता हवालदाराचं. चालतो. सरळ रेषेत नाही, पण चालतो. गोळ्या थांबल्या. मान आयुष्यभर वाकडी राहणार आणि डावा कान गेला, त्या बाजूनं हाक मारली तर कळत नाही. जिना त्याला कधीच जमणार नाही. आणि मळ्यात तो परत येऊ शकत नाही. विहिरीला कठडा नाही आपल्या. तो डावीकडं कलतो, अंधारात तर जास्तच. एक दिवस आत जाईल. हे तुम्हाला मीच सांगायचं होतं, सांगितलं.

दोन ओळी तरी लिहा. नाहीतर नुसतं जेवलो म्हणून निरोप द्या.

तनुजा


शेतवस्ती, गंगापूर
२० जानेवारी २०२५

चि. तनुजा हिस,
रामकिसनचा आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लिहायला बसलो का हात चालत नव्हता. जेवतो. तू लिहिलंस त्या दिवसापासून दोन्ही टाइम जेवतो.

परवा पौष पंचमीला सुदर्शनची तिथी होती. दर साली करतो तशी केली. भावकीतली चाळीसेक माणसं आली होती. तुला मी पाच सालात बोलावलं नाय अन् ह्या सालीही बोलावलं नाय. ह्या सालचं कारण येगळं. तू समोर असतीस तर मला बोलता आलं नसतं.

पानं वाढली. तुला मालूम हाय, घरधनी ‘होऊ द्या’ म्हणल्याशिवाय आपल्यात कोणी घास उचलत नाय. सगळे माझ्या तोंडाकडं बघू राह्यले. मी म्हणलो नाय. उभा राहिलो. त्याच्या तेराव्याच्या मांडवात जिथं उभा होतो तिथंच, कडुलिंबाखाली.

मी म्हणलं, भाऊबंदांनो, थोडं थांबा. पाच सालापूर्वी मी इथंच तुमच्यासमोर माझ्या सुनेला बोललो का तिनं लिंबू पाजून माझा पोरगा मारला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, अन् गावोगाव नेलं. आता हे बी ऐका. माझ्या हवालदाराचा कान वाहत होता. मी त्याच्यात तेल सोडलं, बैलाचं औषध सोडलं. माझ्या हातानं तो अधू झाला. तो पिसाळला नव्हता, मी केलं ते. जीव होता त्याच्यावर म्हून केलं. कोणी मला म्हणंल का रामकिसननं कुत्रं मारायला तेल घातलं? नाय म्हणणार. मग माझ्या सुनेनं नवऱ्याला मारायला लिंबू पिळलं असं म्हणायचा मला काय अधिकार होता? ती त्याच्या लिंबातल्या बिया काढत होती. मी चार लोकांत बोललो होतो, चार लोकांतच मागं घेतो. माझी चूक झाली. तुम्ही जिथं जिथं ते नेलं, तिथं तिथं आता हे न्या.

एवढं बोललो. कडुबानं मागून धरलं. बऱ्याच लोकांची तोंडं हलली. माझा चुलतभाऊ हातवारे करून काहीतरी म्हणला. दोन बाया पदर डोळ्याला लावू राह्यल्या. कोण काय बोललं मला काही ऐकू आलं नाय. कडुबाला इचारलं बी नाय. मग मी ‘होऊ द्या’ म्हणलो अन् सगळे जेवले.

हवालदार तुझाच. विहिरीला कठडा बांधायला घेतलाय, पण त्याच्यासाठी नाय, तो आता तिकडंच राहू दे. तू त्याला उभा केलास.

बियांचं तू लिहिलंस ते वाचून मला एक समजलं. त्या सकाळी काय झालं हे मी तुला कधी इचारलंच नाय. मला तीन घंटे मालूम होते अन् लिंबू मालूम होतं. बाकी मीच बोललो. बाप असून पोराची शेवटची सकाळ मी इचारली नाय. आता इचारतो. सुदर्शन काय बोलला का? माझं नाव काढलं का? मला आप्पा म्हणणारा तो एकटाच होता.

तुला लिहायला त्रास होत असंल तर नको लिहू.

रामकिसन


बजाजनगर
२२ जानेवारी २०२५

ती. मामांना, नमस्कार.

कडुबा भाऊजी जीप चालू ठेवून खाली थांबलेत, म्हणून लगेच लिहिते. नाहीतर चार दिवस घेतले असते आणि मग लिहिलंच नसतं.

बोलला. तुमचं नाव काढलं.

खाटेच्या कडेला बसला होता, बूट पण काढले नव्हते. अर्धा ग्लास प्यायला. मला घाम बघून भीती वाटली. मी म्हटलं, पित्त नाही वाटत मला हे, मी रिक्षा बघते आणि मामांना कळवते. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, ‘आप्पाला कळवू नको. ऊस तोडायला आलाय, टोळी दारात उभी आहे. सगळं टाकून पळत येईल आणि वाटेत पडेल कुठंतरी. थोडं पडतो मी. बरं वाटलं की मीच जातो रविवारी मळ्यात.’

मी ऐकलं त्याचं. थांबले. नऊ वाजता परत म्हटलं, तेव्हा पण हात सोडला नाही. तो सोडवून मी दहाला रिक्षा आणली.

तेराव्याला हे सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मेलेल्या माणसावर ढकलतेय. आणि तुमच्या काळजीपायी तो थांबला, हे तुमच्या पदरात कसं टाकायचं, तेही कळत नव्हतं. म्हणून तुम्ही बोललात ते ऐकून घेतलं.

आज तुम्ही विचारलंत.

तनुजा